पारवा

'सामान्य ज्ञान' या शब्दातला 'सामान्य' हा शब्द ज्या कुणी घातला, त्या गृहस्थाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. जे ज्ञान सामान्य माणसाला कधीच नसतं, त्याला सामान्य ज्ञान म्हणायचं, हा विनोद त्याला सुचला तरी कसा, एवढंच मला विचारायचं आहे.

माझा नातू सध्या कसल्याशा स्पर्धापरीक्षेला बसलाय. त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तक असतं आणि समोर मी असतो. सेवानिवृत्त माणूस हा घरातल्या कुणीही, कधीही वापरायचा माणूस असतो. दळण आणायला जसा, तसा प्रश्न विचारायलाही.

"आजोबा, विमानातल्या ब्लॅक बॉक्सचा रंग कोणता?"

"काळा," मी म्हणालो.

"चूक!" तो उडीच मारतो. "नारिंगी! अपघात झाला की ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून."

"मग तिला ब्लॅक का म्हणायचं?"

"ते पुस्तकात नाहीये. शिसपेनीत काय असतं?"

"शिसं."

"चूक! ग्राफाइट!"

दोन मिनिटांत दोनदा नापास झालेल्या आजोबाकडे तो ज्या करुणेनं बघतो, ती बघण्यासारखी असते. "बरं, सोप्पा विचारतो," असं म्हणून परवा त्यानं मला इंद्रधनुष्याचे रंग विचारले. मी दोन्ही डोळे मिटले, हाताची घडी घातली आणि एका दमात म्हणालो, "तानापिहिनिपाजा!"

नातू घाबरला. त्याला वाटलं, आजोबांना काहीतरी झालं. त्याच्या शाळेत इंद्रधनुष्याला 'विबग्योर' म्हणतात. मी त्याला फोड करून सांगितली. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा.

"पारवा म्हणजे?" त्यानं विचारलं.

आणि मी एकदम चौथीत जाऊन बसलो.

चौथीत असताना, म्हणजे १९६१ च्या सुमाराला, आमच्या शाळेत दिपोटी आले होते. दिपोटी येणार म्हणून आठ दिवस आधी शाळा सारवली होती. गुरुजींनी टोपी धुतली होती. आम्हा मुलांना नखं कापून यायला सांगितलं होतं. दिपोटींनी मलाच उभं केलं आणि इंद्रधनुष्याचे रंग विचारले. मी 'तानापिहिनिपाजा' असं खणखणीत म्हणालो. गुरुजींचा चेहरा खुलला. दिपोटी तिथंच थांबले असते तर माझं आणि गुरुजींचंही भलं झालं असतं. पण ते म्हणाले, "पारवा रंग कसा असतो रे? दाखव बघू या वर्गात कुठं आहे?"

मी वर्गभर बघितलं. भिंती पांढऱ्या, फळा काळा, टिळकांच्या तसबिरीची चौकट तपकिरी, शेजारच्या मुलाचा शर्ट कोणे एके काळी खाकी. पारवा कुठंच नव्हता. मी आशेनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आढ्याकडे पाहत होते. तिथं एक खरंखुरं पारव्याचं जोडपं घुमत बसलेलं होतं, पण हे आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही. पाठ झालेली गोष्ट डोक्यावर बसलेली असली तरी दिसत नाही, हे माझं सामान्य ज्ञानाबद्दलचं पहिलं ज्ञान.

घरी आल्यावर मी अण्णांना विचारायचं ठरवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. अण्णांना जगातलं सगळं माहीत होतं. ते कराडला पोस्टात कारकून होते. पोस्टातल्या जुन्या पुठ्ठ्यांची बांधलेली त्यांची एक वही होती, तिचं नाव 'ज्ञानवही'. जगात जे जे पहिल्यांदा घडलं ते ते तारीखवार त्या वहीत होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. गाडीला डबे १४, माणसं सुमारे ४००, इंजिनं तीन. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. ३ मे १९१३, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात. आणि पहिल्या पानावर, लाल शाईनं, 'खाशाबा जाधव, गोळेश्वर, ता. कराड. कुस्ती. हेलसिंकी १९५२. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक'. खाशाबांची बैलगाड्यांची मिरवणूक अण्णांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे त्या पदकाचा थोडासा भाग आपलाही आहे असं त्यांना वाटे.

रात्री जेवताना अण्णांचे प्रश्न सुरू व्हायचे. पाटावर मी, ताई आणि धाकटा बाळू, समोर अण्णा. उत्तर आलं की घास घ्यायचा, चुकलं की अण्णा घास हातात धरून बरोबर उत्तर सांगायचे. बाळूला बहुतेक उत्तरं यायची नाहीत, त्यामुळे अण्णांचं जेवण रोज थंड व्हायचं. आई वाढायची. आईला मात्र अण्णांनी कधीही प्रश्न विचारला नाही. आई तिसरी शिकलेली. तिला काय विचारायचं?

प्रश्न नसला तरी तिचा शेरा असायचा. जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट १८४० साली विलायतेत निघालं, ते काळं होतं. त्यावर लाल शाईचा शिक्का उठून दिसेना, लोक तो पुसून तेच तिकीट पुन्हा लावायला बघायचे, म्हणून पुढच्याच वर्षी तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा केला, असं अण्णा एकदा रंगात येऊन सांगत होते. आई आमटी वाढता वाढता म्हणाली, "काळ्यावर डाग दिसत नाही, हे एखाद्या बाईला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं."

फाळक्यांच्या चित्रपटात काम करायला बायका मिळेनात म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या एका हॉटेलातल्या स्वयंपाक्यानं केलं आणि पुढं १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर त्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली, हे ऐकल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग त्यांच्या संसारात भांडण झालं नसेल."

तर अशा अण्णांना मी पारवा रंग विचारला. अण्णा खुशीत आले. त्यांनी मला न्यूटन सांगितला. न्यूटननं लोलकातून सूर्यकिरण सोडला आणि त्याचे रंग मोजले. आधी त्याला पाचच रंग वाटले होते. मग त्यात नारिंगी आणि हा तुझा पारवा असे दोन घालून त्यानं सात केले, कारण गाण्यात सूर सात असतात, तर रंगही तितकेच असावेत असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणजे पारवा हा मुळात भरतीचा रंग. मी थक्क झालो.

"पण असतो कसा?" मी विचारलं.

अण्णांनी ज्ञानवही उघडली. पुन्हा मिटली. "इंग्रजीत त्याला इंडिगो म्हणतात. इंडिगो म्हणजे नीळ. नीळ म्हणजे निळा. पण निळा तर आधी येऊन गेलाय…" आणि अण्णा थांबले. ज्ञानवहीला पुठ्ठा घातल्यापासून पहिल्यांदाच थांबले असतील.

आई काही न बोलता आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जुनं पातळ होतं. पावसाळी ढगाला कुणीतरी थोडीशी निळी शाई पाजावी, तसा रंग. उजेडाकडे धरलं की निळसर, सावलीत धरलं की राखेसारखा.

"हा पारवा," आई म्हणाली. "माझ्या आईनं दिलेलं. पारव्याच्या पाठीचा रंग बघ, अस्साच असतो."

मग तिला काय झालं कुणास ठाऊक, ती बोलतच सुटली. हा काठ आहे ना, हा आमसुली. ताईचं परकर-पोलकं आहे ते अंजिरी, डाळिंबी निराळा. गुलबक्षी वेगळा, राणी वेगळा. मोतिया म्हणजे पांढरा नव्हे, आणि बदामी म्हणजे मोतिया नव्हे. अबोली, केतकी, लिंबोणी, पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, विटकरी, किरमिजी. आम्ही चौघं ऐकत राहिलो. न्यूटननं ओढूनताणून सात केले होते, आईनं एका ट्रंकेतून वीसेक काढले. प्रत्येक रंग कुठल्यातरी फुलाचा, फळाचा, पाखराचा नाहीतर स्वयंपाकघरातला.

अण्णा जरा खाकरले आणि म्हणाले, "किरमिजी हा शब्द फारसी आहे. किरमीज नावाच्या किड्यापासून तो रंग काढायचे." मग जरा दबकत विचारलं, "चिंतामणीला इंग्रजीत काय म्हणत असतील?"

"ते इंग्रजांना विचारा," आई म्हणाली आणि पातळाची घडी घालून निघून गेली.

इतकं झालं तरी अण्णांच्या रात्रीच्या प्रश्नांत काही फरक पडला नाही. रंग हा विषय वहीत आला नाही. बायकांना माहीत असतं ते ज्ञान नव्हे, ती माहिती, अशी त्या वेळी बऱ्याच अण्णांची समजूत होती. आम्हा मुलांचीही तीच होती, उगाच खोटं कशाला बोलू?

पुढं अण्णांना भाषेचं वेड लागलं. कुठल्याशा पुस्तकात त्यांना आपल्या रोजच्या वापरातले पोर्तुगीज शब्द सापडले. झालं! चार दिवस घरातली प्रत्येक वस्तू पोर्तुगीज निघायला लागली. चावी पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज, फीत पोर्तुगीज, लिलाव पोर्तुगीज, तुरुंग पोर्तुगीज. बटाटा, कोबी, अननस, काजू हे तर सरळसरळ गलबतातून उतरलेले. शेवटी अण्णा म्हणाले, "फार काय, पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे!"

"तरीच," आई म्हणाली. "एक तारखेला येतो आणि चार तारखेला समुद्रापार जातो."

त्याच आठवड्यात आषाढी एकादशी आली. आईनं साबुदाण्याची खिचडी वाढली. अण्णांनी ताटाकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ज्ञान चढू लागलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेतलीच, कोलंबस तिकडं गेला नसता तर आपल्याकडे कुणी मिरची पाहिली नसती. "म्हणजे या ताटात," अण्णा बोटं मोडत म्हणाले, "आपलं असं फक्त तूप!"

आम्ही भावंडं हादरलो. उपास मोडला की काय? आईनं मात्र अण्णांच्या खिचडीवर आणखी चमचाभर तूप सोडलं.

"आलं आणि घरात रुळलं की ते आपलंच," ती म्हणाली. "मी तरी कुठं या घरातली होते?"

अण्णा मुकाट्यानं खिचडी खाऊ लागले.

आईच्या हातातल्या बांगड्यांना नेहमी दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. आमची फाटकी चड्डी, ताईची तुटलेली चप्पल, बाळूच्या पायातला काटा, सगळ्यांवर उपाय त्या बांगडीत असे. अण्णांनी एकदा त्या पिनेचीही जन्मकथा सांगितली. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसानं १८४९ साली ती काढली. त्याच्यावर पंधरा डॉलरचं कर्ज होतं. ते फेडण्यासाठी त्यानं पिनेचे सगळे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. पुढं जगभर पिना खपल्या, पण त्याला काही मिळालं नाही. "मूर्ख माणूस!" अण्णा कळवळून म्हणाले.

"कर्ज फिटलं ना त्याचं?" आईनं विचारलं. "मग शांत झोपला असेल."

अण्णा त्या रात्री बराच वेळ जागे होते. त्या महिन्यात आमच्या वाण्याची उधारी थकलेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

ताईच्या लग्नाच्या वेळी तर अण्णांच्या ज्ञानानं आम्हाला गोत्यातच आणलं होतं. मुलगा बघायला आला. मुलगा म्हणजे आजचे आमचे भाऊजी. पाण्याचे तांबे झाले, प्रवासाची चौकशी झाली, पोहे आले. मुलाचे वडील देण्याघेण्याचा विषय काढणार, तेवढ्यात अण्णांनी मुलाला विचारलं, "एव्हरेस्टवर पहिलं पाऊल कोणी ठेवलं?"

बैठकीत शांतता पसरली. मुलीला प्रश्न विचारण्याची पद्धत असते, मुलाला विचारण्याची नसते. मुलाच्या वडिलांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला.

"तेनसिंग आणि हिलरी," मुलगा म्हणाला. "२९ मे १९५३."

"पण पहिलं कोणी?" अण्णा सरसावले. "दोन वर्षं दोघंही सांगत होते, आम्ही बरोबरच चढलो. मग १९५५ साली तेनसिंगनंच आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट केलं. हिलरी पहिला, तेनसिंग त्याच्या मागं काही पावलांवर!"

मुलगा जरा विचारात पडला. मग म्हणाला, "दोघांच्या कमरेला दोर एकच होता ना? मग पुढं कोण आणि मागं कोण, याला काय अर्थ आहे?"

अण्णांना हे उत्तर मुळीच पटलं नाही. वहीत असली उत्तरं बसत नाहीत. मंडळी गेल्यावर ते म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण पक्का नाही. मुद्दा टाळतो." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरातल्या मोठ्या निर्णयात ती सहसा बोलत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, हाच मुलगा करायचा. दुसरा बघायचा नाही." आणि तिनं ताईच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर कृष्णा-कोयनेतून पुष्कळ पाणी वाहून गेलं. आम्ही नोकरीच्या पाठीमागं पांगलो. अण्णा निवृत्त झाले. आणि १९९५ च्या आसपास अण्णा विसरायला लागले.

आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग जेवण झालंय की नाही ते. आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण एकदा मी कराडला गेलो असताना त्यांनी ज्ञानवही माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ही कुणाची हो?" तेव्हा मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या रात्री जेवायला बसलो. आता पाट जाऊन टेबल आलं होतं. अण्णा ताटाकडे नुसते बघत बसले. आईनं त्यांच्या समोर भात वाढला आणि सहज आवाजात म्हणाली, "अहो, पहिली आगगाडी पुण्याहून मुंबईला गेली ना?"

अण्णांची मान वर झाली. "चूक!" ते कडाडले. तोच जुना आवाज. "बोरीबंदर ते ठाणे! १६ एप्रिल १८५३!" आणि त्यांनी घास घेतला.

"आणि इंजिनं दोन होती, नाही का?"

"तीन! साहिब, सिंध, सुलतान!" दुसरा घास.

'दर्पण' लोकमान्यांनी काढलं, एव्हरेस्टवर खाशाबा चढले, असल्या एकाहून एक चुका करत आईनं त्यांना पोटभर जेवू घातलं. मी बघत राहिलो. जेवणं झाल्यावर मोरीत भांडी विसळताना मी तिला विचारलं, "आई, तुला हे सगळं येतं?"

"इतकी वर्षं वाढत होते मी," ती म्हणाली. "कान काय चुलीपाशी ठेवून येत होते?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं कुठं?" ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. खरकटं पाण्यानं ओतून द्यावं तसं ते वाक्य तिनं ओतून दिलं. मला मात्र ते अजून पुसता आलेलं नाही. विचारायला अण्णाच होते असं नाही, आम्हीही होतो.

असं वर्षभर चाललं. मग एकदा आई म्हणाली, "पहिली आगगाडी पुण्याहून मुंबईला गेली ना?" आणि अण्णा गोड हसून म्हणाले, "हो, हो. बरोबर."

आई काही बोलली नाही. तिनं भात कालवला आणि त्या दिवसापासून ती त्यांना भरवू लागली.

दिवाळीला आम्ही सगळे जमलो होतो. आईनं ट्रंकेतलं ते पातळ काढून नेसलं होतं. विरलेलं होतं, काठ तेवढा शाबूत होता. अण्णा आरामखुर्चीत होते. माणसं ओळखत नव्हते, नुसते बघायचे. आई त्यांच्या अंगावरची शाल सारखी करायला वाकली. त्यांनी तिचा पदर चिमटीत धरला, उजेडाकडे केला, मग सावलीत धरला. आणि एखाद्या मास्तराच्या थाटात तिला विचारलं, "सांगा बाई, हा रंग कोणता?"

आम्ही सगळे गप्प झालो.

"पारवा," आई म्हणाली.

"शाब्बास!" अण्णा म्हणाले.

अण्णांनी आईला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याची नोंद ज्ञानवहीत नाही, कारण तोवर वही लिहिणारा हात थांबला होता. नातवाच्या पुस्तकातही ती असण्याचं कारण नाही. अण्णा त्यानंतर सहा महिन्यांनी गेले आणि आई आणखी अकरा वर्षांनी. ते पातळ आता माझ्याकडे असतं. परवा मी ते काढून नातवाला दाखवलं. "हा पारवा," मी म्हणालो. त्यानं हात लावून बघितलं आणि "ग्रे आहे की," असं म्हणाला. मी वाद घातला नाही. दारातल्या केबलवर एक पारवा येऊन बसतो, तो एक दिवस आपणच त्याला सांगेल.

त्यानं पुस्तकाचं पान उलटलं.

"आजोबा, हे तरी सांगा. भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठं धावली?"

मी थोडा विचार केल्यासारखं केलं.

"पुण्याहून मुंबईला," मी म्हणालो.

"चूक!" नातू आनंदानं ओरडला.